आकाशाचे गायरान आणि त्याचे राखणदार

सूर्यास्तानंतर तास-दीड तासाने पश्चिमेच्या बाजूने एक ठळक, मुळीच न लुकलुकणारा ठिपका वर चढताना कधी कधी दिसतो. पाच-सहा मिनिटांत तो आकाश ओलांडतो आणि पुष्कळदा क्षितिजापर्यंत न पोहोचता मध्येच विझून जातो. ते विमान नव्हे, कारण विमानाचे दिवे उघडझाप करतात. ते आहे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी २८ हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने ते दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करते. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. आपल्या अंगणात अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असते. तेच ऊन परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येते, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच ठिपका नाहीसा होतो. हे पाहण्यास दुर्बीण लागत नाही, शुल्क पडत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

हा निरुपद्रवी छंद आहे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र काही वेगळे सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिकने अवकाशयुगाचा प्रारंभ केला, त्याआधीच अमेरिकेतील स्मिथसोनियन वेधशाळेने उपग्रहांचे वेध घेण्यासाठी ‘मूनवॉच’ ही योजना आखली होती. तिच्यात शिक्षक, विद्यार्थी आणि हौशी मंडळी लहानशा दुर्बिणी घेऊन रांगेने बसत. आपल्याकडे नैनिताल येथेही याच वेधशाळेच्या सहकार्याने उपग्रहांची छायाचित्रे घेणारा खास कॅमेरा बसविण्यात आला होता. पुढे २०१० साली अमेरिकी हवाई दलाने एक्स-३७बी हे मानवरहित यान सोडले, पण त्याची कक्षा गुप्त ठेवली. महिन्याभरातच हौशी निरीक्षकांनी ते आकाशात हुडकून काढले. सरकारने झाकून ठेवलेली गोष्ट सामान्य नागरिकाच्या डोळ्यांनी उघड केली, हा या प्रसंगाचा खरा अर्थ होय.

आज या डोळ्यांपुढे निराळाच प्रश्न उभा आहे. मे २०१९ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीने स्टारलिंक मालिकेतील पहिले ६० उपग्रह एकाच वेळी सोडले, आणि प्रकाशमान ठिपक्यांची ती माळ पाहून जगभरचे लोक चकित झाले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१८ सालीच या कंपनीच्या सुमारे १२ हजार उपग्रहांना मान्यता दिली होती. त्यांतील हजारो आता कक्षेत आहेत, आणि इतर कंपन्या व देश त्याच मार्गावर आहेत. खगोलशास्त्रज्ञांच्या छायाचित्रांवर या उपग्रहांच्या पांढऱ्या रेघा उमटू लागल्या, तेव्हा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला २०२२ साली अंधाऱ्या आकाशाच्या रक्षणासाठी स्वतंत्र केंद्र काढावे लागले.

दुर्गम खेड्याला इंटरनेट मिळणे महत्त्वाचे की ताऱ्यांचा अभ्यास, असा सवाल यावर केला जातो. तो गैरलागू आहे. उपग्रहांचे लाभ कोणीही नाकारीत नाही. चक्रीवादळाची पूर्वसूचना देऊन त्यांनी आपल्याच किनाऱ्यावर असंख्य प्राण वाचविले आहेत. प्रश्न आहे तो खर्च कोण सोसतो हा. लाभ एकाच्या खात्यावर आणि हानी सर्वांच्या माथी, अशा व्यवहारातील हानीला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. १९६७ च्या अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला अवकाशावर स्वामित्व सांगता येत नाही. अर्थात ते सर्वांचे गायरान आहे. परंतु गावच्या गायरानात जो आधी गुरे सोडील त्याचेच पोट भरते, हा अनुभव येथेही येत आहे. उपयुक्त कक्षा मर्यादित आहेत, आणि त्या व्यापण्याचे भाडे मात्र कोणी भरीत नाही.

हा खर्च केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भातील लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे येऊन पडले. एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष जाणकारांनी काढला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. जमिनीवर नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद १९७२ च्या करारात आहे. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस-९५४ हा उपग्रह १९७८ साली कॅनडात कोसळला, तेव्हा त्या देशाला ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. पण कक्षेत दाटी केल्याबद्दल आणि रात्र उजळून टाकल्याबद्दल भरपाईची तरतूद कोणत्या करारात आहे?

उपाय नाहीत असे नाही. निकामी झालेला उपग्रह २५ वर्षांऐवजी ५ वर्षांत खाली आणावा, असा नियम अमेरिकेच्या आयोगाने २०२२ साली केला. प्रत्येक उपग्रहावर कक्षा-वापराचे शुल्क आकारावे, अशी सूचना काही अर्थतज्ज्ञांनी २०२० साली केली, ती विचारार्ह आहे. स्वतः उपग्रह सोडणारा आणि लाडबोरीचा अनुभव घेतलेला भारत संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत हा विषय अधिकाराने मांडू शकतो.

तथापि नियमांना बळ कोठून येते? २००९ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जंगले, कुरणे आणि पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखवून दिले की, ज्या सामायिक मालमत्तेवर तिचे हक्कदार स्वतः पाळत ठेवतात तीच दीर्घकाळ टिकते. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी उपग्रहदर्शनाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. गच्चीवर बसून तारीख, वेळ, दिशा आणि तेजस्विता यांची वही ठेवणे हे विज्ञानाचे शिक्षण तर आहेच, शिवाय ते नागरिकशास्त्राचेही प्रात्यक्षिक आहे. ज्या मालमत्तेची मोजदाद तिच्या मालकांनीच सोडून दिली, ती त्यांच्या हातून केव्हा गेली हेही त्यांना कळत नाही.