गटारे इंग्रजांची, पण गणित कोणाचे?

१/८ मुंबई तुंबली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गटारे ब्रिटिशकालीन आहेत.’ मित्रहो, हे अर्धसत्य आहे. विटांचे वय सर्वांना ठाऊक असते. त्यांमागच्या आकड्याचे वय कोणी विचारत नाही.

२/८ आयरिश अभियंता थॉमस मुल्व्हनी याने १८५१ मध्ये मांडलेले तत्त्व आजही वापरात आहे. पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि न मुरता वाहणारा हिस्सा यांच्या गुणाकारातून लोंढा ठरतो. येथे दिवसभराचा पाऊस कामाचा नाही. दूरच्या कोपऱ्यातले पाणी नाल्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत किती जोराने पाऊस पडला, ते हवे. शहरात हा अवधी बहुधा मिनिटांचा असतो.

३/८ साधे पर्जन्यमापक मात्र दिवसातून एकदाच वाचले जाई. वहीत ‘१०० मिमी’ एवढेच उरे. म्हणून भारतात एक सूत्र रूढ झाले : दिवसाच्या पावसाला २४ च्या घनमुळाने भागा. तासाचा अंदाज येतो सुमारे ३५ मिमी.

४/८ मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिमी पावसासाठी, तीही ओहोटी धरून, आखलेली होती. निम्मे पाणी मुरेल, हे गृहीत. पुढे जमीन आपण झाकली. जिथे काहीच मुरत नाही, तिथे तेच गटार ताशी साडेबारा मिमीचे उरते.

५/८ १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी ५० मिमी हा निकष सुचवला आणि काहीच मुरणार नाही असे धरले. बारा वर्षांनंतरही ती कामे बव्हंशी अपुरी होती.

६/८ २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला सुमारे ७४. हवामान विभागाची केंद्रे ही दोनच. मधल्या शहराचे काय? सांताक्रूझच्या आकड्याला वरील सूत्र लावले तर तासाला ३२७ मिमी येतात. प्रत्यक्ष नोंदलेला सर्वाधिक जोराचा तास होता १९० मिमीचा.

७/८ यावरून सूत्र टाकाऊ ठरत नाही. नोंदीच नसतील तर तेच हाताशी असते. पण तात्पुरत्या अंदाजाला पिढ्यान्‌पिढ्या सत्य मानणे हा दोष इंग्रजांचा नव्हे, आपला. त्या प्रलयानंतरच मुंबईत ठिकठिकाणी दर १५ मिनिटांना नोंद घेणारी स्वयंचलित मापके बसली.

८/८ १९० मिमी वाहून नेणारी गटारे कोणत्याही शहराला परवडणार नाहीत. किती धोका पत्करायचा, हे नागरिकांनी ठरवावे लागते, आणि नोंदींवाचून तो निर्णय आंधळा असतो. म्हणून इतिहासप्रेमींनी ताम्रपट आणि बखरींइतकीच आस्था पावसाच्या जुन्या वह्यांविषयीही बाळगावी. ज्या शहराने पाऊस मिनिटामिनिटाने मोजला नाही, त्याचे नवे गटारही जुन्याच अंदाजावर उभे असते.