फुटपाथवरचाही आपलाच होता

10 डिसेंबर 2015 ला हायकोर्टाने सलमान खानला निर्दोष सोडले, तेव्हा वसई-विरारच्या मोहल्ल्यांतही ‘आपला माणूस सुटला’ म्हणून हायसे वाटले. पण 28 सप्टेंबर 2002 ला वांद्र्यात बेकरीबाहेर झोपेतच गाडीखाली मेलेला मजूर आपला नव्हता काय? तोही मुसलमानच होता. फक्त गरीब होता. गाडी कोण चालवत होते, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

6 मे 2015 ला सत्र न्यायालयाने पाच वर्षांची सजा दिली. त्याच दिवशी अंतरिम जामीन, 8 मे ला सजेला स्थगिती.

आता दुसरे पारडे पाहा. 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांतील बारा जणांना हायकोर्टाने 21 जुलै 2025 ला निर्दोष ठरवले. 19 वर्षांनी! एक तर 2021 मध्ये कैदेतच वारला. विरार लाईनवर मेलेल्यांनाही न्याय मिळालेला नाही.

नटाला जामीन मिळाला याचा राग नाही. तो गरिबाला का मिळत नाही, हा सवाल आहे. कायदा धर्म पाहतो, अशी तक्रार आपण करतो. त्याआधी तो खिसा पाहतो, हे विसरतो. नटासाठी दुआ मागणाऱ्यांनो, ठाण्याच्या तुरुंगात तारखेची वाट पाहणाऱ्या गल्लीतल्या पोरासाठी आधी एक वकील उभा करा.