डहाणूचा खटला अजून कादंबरीत यायचाय

सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास उलटतपासणीला उभा राहिला की वाचकाला जेवायची शुद्ध राहत नसे. पुण्याच्या या लेखकाने (१९४८–२००३) रहस्यकथेला कोर्टाच्या पिंजऱ्यापर्यंत नेलं आणि तिला तरुणांची बोली दिली. समीक्षकांनी फारशी दखल घेतली नाही, पण वाचनालयातल्या त्यांच्या पुस्तकांची पानं हाताळून हाताळून सुटी व्हायची. पुढे २०१३ मध्ये ‘दुनियादारी’वर चित्रपट आला, २०२०मध्ये ‘समांतर’वर वेबमालिका आली आणि नव्या पिढीला ‘सुशि’ कळले. अमर विश्वास मात्र मागेच राहिला. त्याच्या तोडीचा दुसरा वकील मराठी कादंबरीला मिळाला नाही, ही खरोखर हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

अमेरिकेत जॉन ग्रिशम मिसिसिपीतल्या एका लहान गावात वकिली करत होता. कोर्टात एका अत्याचारपीडित मुलीची साक्ष त्याच्या कानावर पडली आणि त्याने पहाटे उठून, कामावर जाण्याआधी, लिहायला घेतलं. ‘अ टाइम टु किल’ लिहायला तीन वर्षं लागली. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९८९मध्ये तिच्या जेमतेम पाच हजार प्रती निघाल्या. ‘द फर्म’ने १९९१मध्ये त्याचं नशीब पालटलं. पुढच्याच वर्षीच्या ‘द पेलिकन ब्रीफ’मध्ये खटला आहे तो लुइझियानाच्या पाणथळ जमिनीतल्या तेलाचा आणि तिथल्या पक्ष्यांचा.

हे वाचताना डहाणू आठवल्याशिवाय राहत नाही.

केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. ती कागदावरच राहू नये म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं आणि अध्यक्षपदी आले निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. एका तालुक्याच्या झाडापाण्यासाठी असा पहारा देशात क्वचितच बसला असेल. या प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. पाचशे मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असं १९९९मध्ये बजावलं. ती चालू व्हायला २००७ साल उजाडलं. या आठ वर्षांतल्या तारखा, हमीपत्रं, चिकूच्या बागायतदारांच्या तक्रारी यांतच एक अख्खी कादंबरी दडलेली आहे.

पात्रं शोधायलाही लांब जायला नको. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. महामार्गालगतच्या त्या गावात वारली पाड्यांवरची माणसं येतात, बागायतदार येतात, किनाऱ्यावरचे मच्छीमार येतात. यांतला वारली बोलणारा म्हातारा साक्षीला उभा राहिला, तर वकिलाचा प्रश्न प्रमाण मराठीत, कायदा इंग्रजीत आणि उत्तर तिसऱ्याच बोलीत. ते नोंदवताना काय सुटतं, काय बदलतं, यावर अख्खा निकाल फिरू शकतो. असा प्रसंग लिहायला गावाच्या कोर्टात बसून ऐकलेलं असावं लागतं. ग्रिशमकडे ते होतं.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने खालच्या कोर्टाचा कंटाळवाणा, तारखांवर तारखा पडणारा कारभार पडद्यावर आणला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. म्हणजे प्रेक्षक अशी गोष्ट बघतो. कादंबरीला शिरवळकरांचा वेग आणि तालुक्याच्या कोर्टाची जाण, दोन्ही एकत्र हवीत.

धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत गेले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३मध्ये वाढवण बंदराला परवानगी दिली, मच्छीमार पुन्हा न्यायालयात गेले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बंदराची पायाभरणी झाली. १९९८चा नकार आणि २०२३चा होकार, दोन्ही आदेशांच्या प्रती समोर ठेवून डहाणूतल्या एखाद्या तरुण वकिलाने लिहायला बसावं.