पन्नाशीच्या उंबरठ्यावर अडलेल्या मोटारी

मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून व्यवसायातून बाद झाली. त्या दिवशी वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून काळ्या-पिवळ्या फियाटला भावपूर्ण निरोप देण्यात आला. मात्र हा निरोप टॅक्सीचा होता, पद्मिनीचा नव्हे. वयोमर्यादा भाड्याच्या वाहनांना होती. खासगी वाहनांना महाराष्ट्रात तशी सरसकट मर्यादा नाही. त्यामुळे मुंबईच्या वेशीवरील मीरा-भाईंदरसारख्या शहरांत सोसायटीच्या कोपऱ्यात, खोळीखाली झाकलेली एखादी पद्मिनी, एखादी अ‍ॅम्बॅसेडर अजूनही दिसते. रविवारी सकाळी ती बाहेर निघते, काशिमिऱ्यापर्यंत किंवा उत्तनच्या चौकापर्यंत जाऊन येते आणि पुन्हा आठवडाभर उभी राहते. या मोटारींच्या मालकांपुढचा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. तो कागदाचा, इंधनाचा आणि जागेचा झाला आहे.

मीरा-भाईंदर हे मुळात मुंबईने बाहेर ढकललेल्यांचे शहर. १९८५ मध्ये येथे नगर परिषद आली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतील खोली सोडून मीरा रोडला वन रूम-किचन घेणाऱ्यांच्या पिढीने ज्या काळात संसार थाटले, त्या काळात मध्यमवर्गाची मोटार म्हणजे फियाटच होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून ती बाहेर पडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने आधी फियाट ११००, पुढे साठच्या दशकाच्या मध्यापासून 'डिलाइट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने जवळपास तीच गाडी २००० च्या सुमारापर्यंत बनवली. त्याआधीच्या पन्नासच्या दशकातील गोलमटोल फियाटला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. ते प्रेमानेच दिले होते, हे आज सांगावे लागते.

१०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला गिअर, कार्बुरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर. या गाडीत संगणक नाही. त्यामुळेच ती टिकली. पॉइंट घासायला पॉलिश पेपर, जेट साफ करायला फुंकर आणि टायमिंग लावायला कान एवढ्यावर तिचे निम्मे आजार बरे होत. अडचण आहे ती हा कान असलेल्या मिस्त्रींची. काळ्या-पिवळ्या टॅक्सी हजारोंच्या संख्येने धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारात सुट्या भागांना गिऱ्हाईक होते आणि गिऱ्हाईक होते म्हणून छोटे कारखानदार ते भाग बनवत होते. खासगी मालकाची हौस खरे तर टॅक्सीवाल्याच्या गरजेवर उभी होती. टॅक्सी गेली आणि ही साखळी तुटली. आज पद्मिनीचा ब्रेक सिलिंडर किंवा दरवाजाचे रबर मिळवायचे तर नव्या मालाची आशा सोडून दुसऱ्या मेलेल्या पद्मिनीचा शोध घ्यावा लागतो. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जितके यशस्वी होईल तितक्या मेलेल्या पद्मिनीही पत्र्याच्या गठ्ठ्यांत जातील, हा या व्यवहारातला विरोधाभास.

त्यात भाईंदरची हवा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मधोमध मिठागरे. ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकले तिथे लोखंड कसे टिकावे? पद्मिनी काय किंवा अ‍ॅम्बॅसेडर काय, दोन्हींना जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंग हाच गाडीचा सांगाडा आहे. म्हणून तळपत्र्याला, दरवाजाखालच्या पट्टीला किंवा मडगार्डच्या आत धरलेला गंज ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही. बाहेरून नव्यासारखा रंग मारलेली गाडी आतून पोखरलेली असू शकते आणि जॅक लावला की तो पत्र्यातून वर येतो. जाणकार मालक म्हणूनच रंगापेक्षा गाडीच्या खालच्या अंगावर खर्च करतात: पावसाळ्याआधी खालून अँटी-रस्ट कोटिंग, पावसाळ्यानंतर गालिचे काढून तळ वाळवणे, दरवाजांतील पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे. प्लास्टिकची खोळ घालून गाडी बंद ठेवणे हा या हवेतला सर्वांत वाईट उपाय. खोळीखाली दमटपणा कोंडतो आणि गंज निवांतपणे आपले काम करतो.

गंज जुनाच शत्रू आहे. नवा शत्रू पेट्रोल पंपावर भेटतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. उसाच्या महाराष्ट्रात या धोरणाला राजकीय विरोध होणे कठीण, आणि आयात तेलाचा विचार करता त्यामागचा हेतूही चुकीचा म्हणता येत नाही. पण या मिश्रणाचा विचार ज्या गाड्यांसाठी झाला त्यांत पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याची गाडी नव्हती. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या आराखड्याच्या चारचाकींच्या इंधन क्षमतेत सहा ते सात टक्के घट गृहीत धरली होती. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले. हा खर्च किरकोळ असल्याचे त्यासोबत सांगितले. साध्या इंधनाचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

खर्च किरकोळ आहे, पण तो ज्याचे भाग मिळतात त्याच्यासाठी. जुन्या गाडीचे दुखणे वेगळ्या जागी आहे. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. रोज धावणाऱ्या गाडीत ते पाणी टाकीत साचण्यापूर्वीच जळून जाते. आठवडा-पंधरवडा उभ्या राहणाऱ्या गाडीत, त्यातही खाडीकाठच्या हवेत, पाणी वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंधन उचलणारी नळी नेमकी तिथेच असते. जुन्या टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळही इथेनॉलने सुटतो आणि कार्बुरेटरच्या जेटमध्ये अडकतो. रबरी नळ्या मऊ पडतात, इंधन पंपाचा पडदा फुगतो. गळकी नळी आणि तापलेले इंजिन एकत्र आले की काय होते, हे सांगण्याची गरज नाही. जी गाडी कमी वापरली जाते, म्हणजे जी सर्वांत कमी धूर सोडते, तिलाच हे इंधन सर्वाधिक छळते. फेब्रुवारी २००० मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले तेव्हाही जुन्या इंजिनांचे काय, असा प्रश्न विचारला गेला होता. त्या वेळी मिस्त्रींनी व्हॉल्व्ह सीट बदलून मार्ग काढला. आताही मार्ग निघेल: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, टाकीला आतून लेप, गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करणे. पण ते शहाणपण मालकाने स्वतः मिळवायचे आहे.

आता कागद. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते दहा हजारांवर नेले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. याखेरीज २०१९ पूर्वीच्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली आणि तिची मुदत वारंवार वाढवावी लागली. 'एमएच' मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या तीन अक्षरी क्रमांकाच्या गाडीची नोंद बहुधा हस्तलिखित पुस्तकात असते. ती आधी 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढली पाहिजे; पुस्तक फाटले असेल किंवा मूळ कार्यालयाची जुनी नोंदवही सापडत नसेल तर हेलपाटे सुरू होतात. मीरा-भाईंदरकरांना हे सारे ठाण्याच्या कार्यालयात जाऊन करावे लागत असे. २०२५ मध्ये राज्य सरकारने या शहरासाठी 'एमएच ५८' या क्रमांकाचे स्वतंत्र कार्यालय मंजूर केले. नव्या गाड्यांसाठी ही सोय मोठीच. जुन्या गाडीची मूळ फाइल मात्र जिथे जन्मली तिथेच असते.

केंद्र सरकारला जुन्या मोटारींचे वावडे आहे, असे म्हणता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, चासी, अंग आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुनर्नोंदणीला पाच हजार. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. परदेशातून आणलेल्या गाड्यांचा, संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसचा प्रश्न यातून बराचसा सुटला. पण त्या बदल्यात एक अट आहे. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच तिला मुभा.

साठ-सत्तरच्या दशकातील घरगुती मोटारीला हा अंगरखा शिवलेलाच नाही. १९७५ ची पद्मिनी २०२५ मध्ये पन्नाशीला पोहोचली खरी, पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पद्मिनी ऐंशी-नव्वदच्या दशकातील आहेत. १९८५ ची गाडी २०३५ पर्यंत केवळ 'जुनी' आहे. १९९५ ची २०४५ पर्यंत. तोवर तिच्यासाठी दर पाच वर्षांनी दहा हजार, आणि व्हिंटेज ठरलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीला दहा वर्षांसाठी पाच हजार, असा हा हिशेब आहे. आणि पन्नाशी गाठून व्हिंटेज झाले की उत्तनची रविवारची फेरी नियमबाह्य. जी फेरी या मोटारीच्या आरोग्यालाही आवश्यक असते, तीच.

जगाने ही मर्यादा कुठे आखली आहे, हे पाहण्यासारखे आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे 'फिवा'च्या, व्याख्येत तीस वर्षांची, मूळ स्थितीत जपलेली आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक ठरते. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील जपलेल्या गाडीला क्रमांकाच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. कर एकरकमी ठरलेला असतो आणि शहरांतील कमी प्रदूषण क्षेत्रांतही तिला प्रवेश असतो. मात्र त्यासाठी तज्ज्ञ तपासणीत तिची मूळ अवस्था सिद्ध करावी लागते. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेली गाडी रस्ता करातून सुटते. भारताने पन्नासचा आकडा निवडला तो मुख्यतः परदेशी आणि संस्थानी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून, असे वाटण्यास जागा आहे. देशी कारखान्यांत बनलेली, शिक्षकाने, डॉक्टरने, बँकेतल्या कारकुनाने वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली गाडी हाही वारसा असू शकतो, हे नियमांना सुचलेले दिसत नाही.

याची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ मध्ये सक्तीचे झाले. त्याआधीची गाडी दर किलोमीटरमागे आजच्या गाडीच्या कित्येक पट विषारी वायू सोडते. धूर तपासणीतही जुन्या चारचाकीला तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड माफ आहे, तर भारत स्टेज ४ च्या गाडीला ०.३ टक्के. मुंबई महानगर प्रदेशाची हवा बिघडत चालली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तंबी दिल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने या प्रदेशातून पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने काढून केवळ सीएनजी आणि विजेवरील वाहने ठेवता येतील का, याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. मीरा-भाईंदर याच प्रदेशात आहे. दिल्लीचे उदाहरण समोर आहेच. तेथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लगाम घातला, पण डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज ४ आणि त्यापुढील गाड्यांपुरतेच मर्यादित केले. पद्मिनीच्या काळात स्टेज हा शब्दच नव्हता.

पण रोज साठ किलोमीटर धावणारी कंपनीची जुनी डिझेल गाडी आणि महिन्याला साठ किलोमीटर चालणारी पद्मिनी यांना एकाच वयाच्या मापाने मोजणे हे प्रदूषणशास्त्र नव्हे, तो प्रशासनाचा सोपेपणा आहे. वर्षाच्या किलोमीटरवर बंधन, दोन वर्षांनी खरीखुरी तपासणी, गर्दीच्या वेळी रस्त्यावर बंदी अशा अटींवर तीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांचा मधला वर्ग करता येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५९ मध्ये वाहनांचे वय ठरवण्याचा अधिकार केंद्राला देताना प्रदर्शन, संशोधन आणि व्हिंटेज रॅलीच्या गाड्यांना सूट देण्याची तरतूद मुळातच आहे. ती रुंद करायला नव्या कायद्याची गरज भासू नये. अर्थात सूट मिळाली की तिचा गैरवापर करणारेही उभे राहतील. ओडोमीटरची केबल काढून ठेवणे ही कला आपल्याकडे नवी नाही.

मग उरतो जागेचा प्रश्न, ज्यावर दिल्लीचा किंवा जर्मनीचा कोणताही नियम लागू पडत नाही. मीरा रोड आणि भाईंदरच्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतील इमारती मोटार नसलेल्या माणसांसाठी बांधल्या गेल्या. आता त्यांच्या पुनर्विकासाची बोलणी घरोघर सुरू आहेत. नव्या मनोऱ्यात सदनिकेमागे एखादीच जागा मिळते आणि ती साहजिकच रोजच्या गाडीला जाते. रस्त्याकडेला महिनोन्‌महिने उभी, धुळीने माखलेली गाडी पालिकेच्या लेखी बेवारस ठरू शकते, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत 'ते डबडे कधी हलवणार' हा प्रश्न दरवर्षी येतो. इमारत रिकामी करण्याची नोटीस लागली की भाड्याच्या घरात कपाट नेता येते, देव्हारा नेता येतो. वडिलांची १९८५ ची पद्मिनी तीन वर्षे कुठे ठेवायची, याचे उत्तर विकासकाच्या करारात नसते. अशा वेळी दारात येणाऱ्या भंगारवाल्याचा भाव गाडीच्या वजनावर ठरतो.