सळयांच्या टिप्परवर बसवलेला मजूर, भरपाई कुणाकडून?

20 ऑगस्ट 2021. सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळया नेणारा टिप्पर उलटला आणि वर बसलेल्या 13 मजुरांचा जीव गेला. सळया असोत की लाकडाचे ओंडके, मालावर माणसे बसवली की भरपाईचा गुंता होतोच.

मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात 2002 मध्ये ठरवले. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मात्र विम्यात येतो. कंपनी सुटली तरी चालकाच्या निष्काळजीपणासाठी गाडीमालक सुटत नाही. पण त्याच्याकडे द्यायला काही नसेल तर?

म्हणून मजुराच्या घरच्यांनी दुसरी वाट आधी तपासावी. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (आता सामाजिक सुरक्षा संहितेत) चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू कामामुळे आणि कामादरम्यान झाला, एवढे दाखवावे लागते. मजूर उपकंत्राटदाराचा असला तरी मुख्य कंत्राटदाराला हात झटकता येत नाहीत. अडचण पुराव्याची: मुकादमाची हजेरीवही अपघातानंतर सहसा सापडत नाही. मजुरी खात्यात जमा झाल्याची नोंद, सोबतच्या मजुरांचे जबाब लगेच मिळवावेत. मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा ही वाट, दोन्हींपैकी एकच निवडता येते.