रविवारी अळणी, सोमवारी खारट



गेल्या रविवारी मंदिरातून घरी येईपर्यंत फोनवर एकच मेसेज तीनदा आला होता. 'रविवारी मीठ सोडणाऱ्या जैनांची प्रतिकारशक्ती वाढते, विज्ञानानेही मान्य केले!' खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी नाही जोडले. आमच्या स्वयंपाकघरात काय चालतं ते मला माहीत आहे.

माझ्या सासूबाईंचा रविवारचा मीठत्याग तीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही. पण सोमवार उजाडला की कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी (बिनलसणाची, अर्थात), जेवताना तळलेला पापड, चार वाजता चहासोबत 'जैन' असं छापलेलं फरसाण. रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या. डॉक्टरांनी मिठाचं विचारलं, तर त्या अभिमानाने म्हणाल्या, "रविवारी मी मिठाला शिवतसुद्धा नाही." उरलेल्या सहा दिवसांचं कुणी विचारलंच नाही. मीही गप्प बसले, ही माझी चूक.

आता विज्ञानाचं. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा निरोगी माणसांना आठवडाभर नेहमीच्या जेवणाशिवाय रोज ६ ग्रॅम जास्तीचं मीठ दिलं. मग त्यांच्या रक्तातल्या, जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी तपासल्या. त्या ढिल्या पडल्या होत्या. जादा मीठ बाहेर टाकताना मूत्रपिंडात जी यंत्रणा जागी होते, तिच्यामुळे शरीरात कॉर्टिसोलसारखी द्रव्यं साचतात आणि या पेशींना आवरून धरतात, असं त्यांचं म्हणणं. माणसं दहाच, म्हणून हा शेवटचा शब्द नाही. त्वचेत साठलेलं मीठ तिथल्या जंतूंशी लढायला मदत करतं, असंही एका अभ्यासात दिसलं आहे. पण नीट बघा. हा अभ्यास जादा मिठाच्या तोट्याबद्दल बोलतो. आठवड्यातून एक दिवस मीठ सोडल्याने शक्ती वाढते, असं त्यात कुठेही नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट एक चमचाही नाही. पुढच्या वेळी फरसाणाचं पाकीट उलटं करून सोडियमचा आकडा वाचा आणि त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. कांदा-लसूण नाही म्हणून ते 'जैन' झालं, पण त्याने मीठ कमी झालं नाही.

कुणी म्हणेल, आम्ही सैंधव वापरतो. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, आणि त्यात सहसा आयोडीनही घातलेलं नसतं.

मला खरा राग येतो तो व्रताची गोळी करण्याचा. रसपरित्याग हे बाह्य तप आहे, जिभेवरचा ताबा शिकण्यासाठी. उद्या एखादा अभ्यास उलटा निघाला, तर आपण व्रत सोडणार का? लोणच्याची मर्यादा चोवीस तासांची सांगितली आहे, आपली बरणी मात्र वर्षभर चालते. त्याचा मेसेज कुणी पाठवत नाही.

आमच्या घरी आता ताटात वाढायचं मीठ बंद आहे. पापड फक्त सणाला. चटणीत मीठ निम्मं, जिरं आणि आमचूर जास्त. पहिले काही दिवस सासूबाई रुसल्या, आता त्यांनाच बाहेरचं फरसाण खारट लागतं. एकदम अळणी मात्र कुणी करू नका. सोलापूरच्या उन्हात घामावाटे मीठ जातं आणि औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारायलाच हवं.

रविवारचं व्रत जरूर करा. फक्त त्याची वसुली सोमवारी करू नका.