बर्फ कशाला?

फळ आणि वाइन मिक्सरमध्ये घुसळून गोठीव पेय करायचे तर प्रथम ओंजळभर बर्फ टाकायचा, हा प्रघात आता गोमंतकातील सुशिक्षित घरांतही शिरला आहे. त्यास माझा विरोध आहे. बर्फ म्हणजे गोठलेले पाणी. ते विरघळताच आंबा पातळ होतो आणि वाइनही. हंगामाच्या आरंभी हजारो रुपये डझनाने घेतलेला मानकुराद असा बुडवायचा? पाणीदार ताक वाढणाऱ्या यजमानाला आपण नावे ठेवतो, येथे मात्र वाहवा करतो!

गोठवायचे ते फळ. मानकुरादच्या लहान फोडी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. तेथील तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते, तर १२ टक्के मद्यार्काची वाइन उणे ५-६ अंशांवर गोठू लागते. सकाळपासून गार केलेली कोरडी पांढरी वाइन घेतली की फोडींचा गारवाच पेयाला दाटपणा आणतो. गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते, म्हणून आंबा पुरता पिकलेलाच हवा. साखरेने ती उणीव भरून निघत नाही.

फसफसणारी वाइन तर मिक्सरच्या भांड्यात घालूच नये. वायू निघून जातो, प्रसंगी झाकणही उडते. व्हेनिसच्या हॅरीज बारमधील जुझेप्पे चिप्रियानी यांनी चित्रकार बेलिनीच्या नावाने जे पेय रूढ केले, त्यात पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को पेल्यातच एकत्र येतात. आपणही गर आधी घुसळावा, वाइन वरून हलकेच ओतावी.

हंगाम सरल्यावर काय, असे विचारणाऱ्यांनी मे महिन्यातच फोडी राखून ठेवाव्यात.